एसआरएसवर कोणीच सही करत नाहीये, हंगाम तोंडावर आलाय, काय करायचं?

बीए_मिरज

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट आहे, सध्या एका सहकारी साखर कारखान्याचं काम चालू आहे, नाव सांगत नाही. पहिल्या टप्प्यात ऊस नोंदणी, तोड प्रोग्राम (कोणाचा ऊस कधी तोडायचा), काटा (गाड्यांचं वजन), ऊस बिल आणि तोडणी-वाहतूक बिल एवढं घेतलंय, साखर विक्री-स्टोअर-पगार वगैरे पुढच्या वर्षी. जुनं सगळं फॉक्सप्रोत (जुना डेटाबेस प्रोग्राम) आहे, चालतंय, पण ज्यांनी लिहिलं ते रिटायर होऊन गावी शेती करतायत, फोन उचलला तर उचलला.

एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते लिहिलेलं डॉक्युमेंट) तयार आहे, १४० पानं, इंग्लिशमध्ये, आमच्या कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये. पाठवून दीड महिना होत आला आणि सहीचा पत्ता नाही. एमडी (कार्यकारी संचालक) साहेब म्हणतात शेती आणि अकाउंट दोघांच्या सह्या आणा मग मी लगेच करतो. शेती अधिकारी म्हणतात नोंदणीचं मी बघितलंय, पण बिलाचं मला कशाला विचारता, आणि सहीचं पान एकच असल्यामुळे ते अख्ख्या डॉक्युमेंटवर सही करायला तयार नाहीत. चीफ अकाउंटंट साहेबांना कधीही विचारा, 'वाचतोय'. ईडीपीवाले (कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग) म्हणतात आम्ही फक्त मशीन आणि नेटवर्क बघतो.

बरं, बदल कोणी सांगतच नाही असं पण नाही, सांगतात, पण कसे सांगतात बघा. केन यार्डचे (ऊसगाड्या थांबतात ती जागा) सुपरवायझर व्हॉट्सॲपवर तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकतात आणि मागे वर्कशॉपचा ठणठणाट, निम्मं ऐकूच येत नाही. अकाउंटच्या क्लार्कनी प्रिंट काढून पेन्सिलने खुणा केल्या आणि पानांचे फोटो पाठवले, त्यातले निम्मे तिरके. शेती ऑफिसनी व्ही२ (दुसरं व्हर्जन) वाचून बदल सांगितले तेव्हा माझं व्ही४ निघालेलं होतं, म्हणजे त्यांनी मागितलेल्यातलं काही आधीच झालेलं, काही मुद्दाम काढून टाकलेलं, आता त्यांना काय सांगणार. फोल्डरमध्ये 'फायनल_नवीन_साहेबांचे बदल' नावाची फाइल आहे, यावरून काय ते समजा.

इकडे माझ्या मॅनेजरचं म्हणणं सहीशिवाय कोडला हात लावायचा नाही, कारण ३० टक्क्यांचा पहिला हप्ता सहीवर अडकलाय. डेव्हलपर म्हणतात आत्ता सुरू नाही केलं तर जमणार नाही. आणि कारखान्याचं काम म्हणजे तारीख पुढे ढकलायची सोयच नाही, एकदा गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की पहिल्या गाडीपासून काटा चालू पाहिजे.

तर तुम्ही लोक रिव्ह्यू आणि सही कशी करून घेता? समोरचे वाचतच नसतील तर काय करता? आणि सही नसताना काम सुरू करायचं की नाही?

---

जुना_पीएम

सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्ट काढून बघा मंजुरी कोणी द्यायची ते लिहिलंय का. बहुतेक ठिकाणी नुसतं 'क्लायंटची मान्यता' असं असतं आणि मग क्लायंट म्हणजे नक्की कोण यावर दीड महिना जातो, तुमचं तेच झालंय. तपासणारे वेगळे आणि मंजूर करणारा वेगळा हे एमडींकडून एका मेलवर लिहून घ्या, अमुक विभागाचं अमुक जण तपासतील आणि शेवटची मंजुरी मी देईन, बस, तीन ओळी.

सही कागदावरच हवी असा हट्ट करू नका. आयटी ॲक्टमध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम १०अ आलं, त्यामुळे करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालाय म्हणून तो अमान्य ठरवता येत नाही. मेलवरचं 'मान्य आहे' पुरतं, फक्त ते ज्याला अधिकार आहे त्याच्या ऑफिशियल मेलवरून आलं पाहिजे, आणि कुठल्या व्हर्जनला मान्य ते त्या मेलमध्ये असलं पाहिजे. व्हॉट्सॲपवरचा अंगठा धरू नका, उद्या तो कशाला दिला होता हेच कोणाला सांगता येत नाही.

बदल मात्र एकाच ठिकाणी गोळा करा. साधं एक्सेल चालेल, जिरा-कॉन्फ्लुअन्ससारख्या टूलची गरज नाही, क्लायंट काही त्यात येणार नाही. प्रत्येक मुद्द्याला नंबर, कोणी सांगितला, कुठल्या व्हर्जनवर, आपला निर्णय काय आणि नाही म्हटलं तर का नाही. व्हॉइस नोट आली की तुम्ही ऐकून एका ओळीत लिहायची आणि त्यांनाच परत पाठवायची, 'साहेब तुमचं म्हणणं असं समजलं, बरोबर ना'. आणि रिव्ह्यूला पाठवलेलं व्हर्जन रिव्ह्यू संपेपर्यंत बदलायचं नाही. तुम्ही लोकांच्या हातात कागद असताना मागून व्ही३ व्ही४ काढत बसलात म्हणून त्यांना वाटतं वाचून काय उपयोग, उद्या परत नवीन येणार.

सहीशिवाय काम सुरू करायचं का, तर सगळं नाही. जिथे वाद नाही ते सुरू करा. ऊस बिलाला हात लावू नका.

---

ईडीपी_काका

मी टेबलाच्या पलीकडचा. दुसऱ्या एका कारखान्यात ईडीपीत आहे बरीच वर्षं, आणि तुमच्यासारखे बरेच जण आमच्या ऑफिसात एसआरएसची बाइंडिंग केलेली वही ठेवून गेलेत, त्यातली एक सध्या प्रिंटरखाली टेकू म्हणून आहे, खोटं नाही सांगत.

आमचे लोक सही का करत नाहीत ते सांगतो. तुमच्या शेवटच्या पानावर काय वाक्य आहे ते बघा. पैजेवर सांगतो, 'या डॉक्युमेंटमध्ये आमच्या सर्व गरजा पूर्णपणे समाविष्ट असून त्या आम्हाला मान्य आहेत' असं काहीतरी असणार. आता मला सांगा, कुठला शेती अधिकारी यावर सही करेल? सर्व आणि पूर्णपणे. उद्या जानेवारीत एखाद्या गावचा खोडवा (तोडलेल्या उसाला परत फुटलेलं पीक) 'सुरू' म्हणजे नवीन लागण म्हणून नोंदला गेला आणि त्या माणसाची तोड महिनाभर मागेपुढे झाली तर तो सभासद वार्षिक सभेत माईक धरणार, मग संचालक विचारणार हे मान्य कोणी केलं होतं, आणि तुमची कंपनी ते पान काढून दाखवणार. नोकरी त्यांची जाते, तुमचा फार तर हप्ता अडकतो. त्यामुळे 'वाचतोय' हेच सगळ्यात सेफ उत्तर आहे, यात आळस नाही, शहाणपणा आहे.

दुसरं, १४० पानं इंग्लिश. चीफ अकाउंटंट वाचतील एखाद वेळेस, पण काट्यावरचा क्लार्क आणि चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा) वाचणार नाहीत, आणि खरे नियम त्यांनाच माहीत आहेत.

मग करायचं काय. वाक्य बदला आणि पान तोडा. विभागवार वेगळी पानं करा, मराठीत, आणि नियमांपेक्षा हिशोब लिहा. लग्नाच्या याद्या करतो ना आपण दोन्हीकडची माणसं बसवून, एकेक बाब मोठ्यांदा वाचून मग सह्या होतात, तसं. सहीच्या वर एवढंच लिहा की 'खालील अमुक उदाहरणे मी तपासली, आमच्या पद्धतीप्रमाणे हिशोब बरोबर आहे'. यावर कोणीही सही करेल, कारण जे तपासलं त्याचीच जबाबदारी आहे, जगातल्या सगळ्या गरजांची नाही.

उदाहरण कसं असावं ते सांगतो. आमच्याकडे कारखान्याचा दिवस पहाटे ४ ला बदलतो, शिफ्टच तशा आहेत, ४ ते १२, १२ ते ८, ८ ते ४. आता १५ तारखेच्या रात्रपाळीत एक ट्रॅक्टर पहाटे ३:५० ला भरून काट्यावर आला, उतरून रिकामा होऊन परत काट्यावर आला ४:२० ला. हा ऊस १५ चा की १६ चा? आमच्यात भरल्या काट्याची वेळ धरतात. तुमच्या कारखान्यात काय धरतात विचारलंय का? कारण १५ ला पंधरवडा संपतो, गाडी या बिलात की पुढच्या बिलात ते यावर ठरतं, आणि ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, त्या १४ दिवसांची मोजणी पण इथूनच सुरू होते. तुमच्या १४० पानांत याबद्दल बहुतेक 'सिस्टिम वजनाची तारीख व वेळ नोंदवेल' एवढं एक वाक्य असेल. त्यावर सही मिळाली काय आणि नाही मिळाली काय.

---

बीए_मिरज

काका, वाक्य शब्दशः तेच आहे 🙏 आणि तारखेचं पण तेच एक वाक्य आहे. फॉक्सप्रोत काय करतात बघितलं आत्ता, तिथे कॅलेंडरची तारीख पडते आणि अकाउंटवाले पंधरवड्याच्या शेवटी हातानी चार-पाच गाड्या इकडून तिकडे करतात!! हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

---

ईडीपी_काका

सांगणार कसे, त्यांच्या मते तो नियम नाहीच, ते रोजचं काम आहे. म्हणून तर म्हणतो हिशोब समोर ठेवा, हिशोबात चूक दिसली की माणूस आपोआप बोलतो.

---

व्हॅलिडेशनवाली

मी फार्मात आहे, आमच्याकडे सहीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे थोडं लिहिते. काकांनी वाक्याबद्दल जे सांगितलं तेच आमच्याकडे नियमात आहे. अमेरिकेच्या एफडीएचा (औषधांवर देखरेख करणारं खातं) २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम आहे, १९९७ पासूनचा, त्यात इलेक्ट्रॉनिक सहीबरोबर तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत, नाव, तारीख-वेळ, आणि ती सही कशासाठी केली तो अर्थ, म्हणजे लिहिलं म्हणून, तपासलं म्हणून की मंजूर केलं म्हणून. नुसती सही म्हणजे काहीच नाही असं धरतात.

तुमच्या कारखान्याला पार्ट ११ चा काही संबंध नाही, पण हा एक रकाना उचलायला काय हरकत आहे. शेती अधिकारी 'तपासले', अकाउंटंट 'तपासले', एमडी 'मंजूर', तुम्ही 'तयार केले'. एमडींना पण बरं वाटतं कारण खालच्या सह्या कशाच्या आहेत ते त्यांना कळतं, डोळे झाकून करायची वेळ येत नाही.

आणि अजून एक, सगळ्या गरजा सारख्या नसतात. कुठल्या चुकल्या तर पैसे जातात, कुठल्या चुकल्या तर नुसती चिडचिड होते, ते आधी वेगळं काढा. रिपोर्टच्या हेडरमध्ये कारखान्याचा लोगो डावीकडे की मध्ये यासाठी कोणाला मीटिंगला बसवू नका. आमच्यात पण लोक हे करत नाहीत आणि मग सगळं समान जड होऊन बसतं.

---

टेस्टर_मनी

बरोबर बोलतायत सगळे पण एक गोष्ट राहिली. विभागवार पानं तोडली की प्रत्येक जण आपापलं पान मान्य करतो आणि दोन पानांमधलं भांडण कोणालाच दिसत नाही. त्यामुळे एक तरी उदाहरण नोंदणीपासून बँकेत पैसे जाईपर्यंत सलग चालवा आणि तेव्हा सगळ्यांना एका खोलीत बसवा.

जळीत ऊस घ्या. भरलेली गाडी २६.८७० टन, रिकामी ८.४२०, निव्वळ १८.४५०. ऊस जळका आहे, समजा कपात ५ टक्के. शेतीवाले सांगतील काट्यावरच कापा, म्हणजे वजन १७.५२८ धरा. अकाउंटवाले सांगतील वजन ते वजन, कपात बिलात दरामध्ये करू. शेतकऱ्याच्या हातात दोन्हीकडून रुपये जवळपास तेवढेच पडतात म्हणून दोघंही आपापल्या पानावर सही करून मोकळे होतील. पण तोडणी-वाहतुकीचं बिल त्याच टनांवर निघतं ना! काट्यावर वजन कापलंत तर मुकादमाचे आणि वाहनवाल्याचे पण सव्वानऊशे किलो गेले, त्यांनी काय आग लावली होती का? पहिल्या पंधरवड्याला टोळ्या गेटवर येऊन बसतील. आणि रिकव्हरी (उसातून किती टक्के साखर निघाली) काढताना गाळलेला ऊस १८.४५० आहे, १७.५२८ नाही, तिथे केमिस्टचा आकडा जुळणार नाही तो वेगळाच.

(दर टक्के तुमच्या कारखान्याचे घ्या, मी ५ उदाहरण म्हणून घेतलेत.)

टेस्टिंगच्या बाजूने माझा एकच नियम, ज्या वाक्याची टेस्ट केस लिहिता येत नाही ते वाक्य सहीला पाठवायचं नाही. 'बिलिंग जलद व अचूक असावे' हे वाक्य नाही, शुभेच्छा आहेत. जुन्या आयईईई ८३० या एसआरएसच्या मानकात पण तपासता येणं हा चांगल्या एसआरएसचा गुण म्हणून दिलेला होता, आता त्याच्या जागी २९१४८ आलंय, पण ती अट काही गेली नाही. एफआरपीचं (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) घ्या, २०२५-२६ ला १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलला ३५५ रुपये, वर प्रत्येक ०.१ ला ३.४६ वाढ, खाली तेवढीच घट पण ९.५ च्या खाली घट थांबते आणि ३२९.०५ वर अडतं. म्हणजे १०.२५, ११.४०, ९.५० आणि ९.३० अशा चार केस चीफ अकाउंटंट साहेबांसमोर ठेवा, दहा मिनिटांत पेन काढून तपासतील बघा, त्यांना १४० पानं वाचायचा कंटाळा आहे, आकडे तपासायचा नाही.

---

स्प्रिंटवाला

२०२५ मध्ये पण लोक एसआरएसवर सह्या घेतायत हे वाचून गंमत वाटली. अजाइल (थोडं थोडं करून दाखवत जायची पद्धत) करा ना, दर दोन आठवड्यांनी डेमो द्या, त्यांनी बघितलं की तीच मान्यता. १४० पानं लिहिण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात काटा मॉड्यूल झालं असतं.

---

जुना_पीएम

दादा, अजाइलचा जाहीरनामा २००१ चा आहे आणि त्यात पण शेवटी लिहिलंय की उजव्या बाजूच्या गोष्टींना (त्यात डॉक्युमेंट पण आलं) किंमत आहे, डाव्या बाजूच्यांना जास्त आहे एवढंच. डॉक्युमेंट फेकून द्या असं त्या १७ जणांनी कुठे म्हटलेलं नाही.

फिक्स्ड प्राइस काम आहे, सहकारी संस्था आहे, ऑडिट आहे, बिल पास करायला फाइलला कागद लागतो. डेमो जरूर द्या पण डेमोनंतर अर्ध्या पानाचं टिपण काढा, काय दाखवलं, काय पटलं, काय बदलायचं ठरलं, आणि त्यावर आद्याक्षरं घ्या. डेमोत सगळे माना डोलावतात आणि चहा आला की विषय बदलतो, बिलाच्या वेळी ती मान कोणाला आठवत नाही.

---

स्प्रिंटवाला

टिपणाला माझी ना नाही. पण काट्याची पावती कशी दिसेल हे कागदावर वाचण्यापेक्षा छापून हातात द्या एवढंच म्हणणं आहे, डमी पावती पण चालेल. लोक पावती बघून बोलतात.

---

ईडीपी_काका

हे मात्र खरं. पावतीवर प्लॉट नंबर आणि उसाची जात छापलेली बघितली की चिटबॉय लगेच सांगेल यात काय चुकलंय.

---

बीए_मिरज

खूप धन्यवाद सगळ्यांना. आज शेती अधिकारी साहेबांशी फोनवर बोललो, मराठी पानांचं ऐकल्यावर म्हणाले पाठवा, आणि पहिल्यांदाच स्वतःहून वेळ दिली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवतोय.

आता एक अडचण. सही घेतल्यावर नियमच बदलला तर? म्हणजे आमची चूक नाही त्यांची चूक नाही, सरकारनी बदलला. मॅनेजर म्हणतात सहीनंतरचा प्रत्येक बदल चेंज रिक्वेस्ट, वेगळे पैसे. चीफ अकाउंटंट म्हणतात एफआरपीचा नियम बदलला तर त्याचे पैसे आम्ही का द्यायचे, आणि यावरच ते मुख्यतः अडलेत असं मला आता कळलं.

---

जुना_पीएम

हे होणारच आहे, त्यामुळे आत्ताच लिहून ठेवा. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्याने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा जीआर काढला, आधी एक हप्ता आणि हंगाम संपल्यावर त्याच वर्षीची खरी रिकव्हरी धरून उरलेले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने तो जीआर रद्द केला. ज्यांनी बिलाच्या प्रोग्रामात दोन हप्ते ठोकून बसवले होते त्यांचं काय झालं असेल विचार करा.

याचे दोन भाग करा. जे आकडे बदलतात, दर, आधार रिकव्हरी, वाढीचा रुपया, हप्ते किती आणि कधी, व्याजाचा टक्का, ते सगळं सेटिंगमध्ये द्या, अकाउंट विभाग स्वतः बदलेल, संचालक मंडळाच्या ठरावाचा किंवा जीआरचा नंबर टाकल्याशिवाय सेव्ह होणार नाही असं करा. त्याचे पैसे मागू नका, ते आत्ताच्या कामात धरा. आणि हिशोबाची पद्धतच बदलली, म्हणजे नवीन कपात आली किंवा नवा टप्पा आला, तर ती चेंज रिक्वेस्ट, पण तिचा दर आजच ठरवा. बदल आल्यावर दर ठरवायला बसलात तर तेव्हा कोणाचंच डोकं जागेवर नसतं.

---

हिशोब_ठाणे

वरचं सेटिंगचं अगदी बरोबर. मी व्यापाऱ्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस आठवा, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना, मग १००, ५०, २०, १० करत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं. मर्यादेचा आकडा ज्यांनी कोडमध्ये लिहिला त्यांना दर वेळी नवीन व्हर्जन पाठवायला लागलं. आम्ही रिक्वायरमेंटमध्येच लिहितो की हा नियम कोणाचा आहे, कायद्याचा, संस्थेच्या ठरावाचा की नुसती चालत आलेली सवय. सवयीवर सही घेताना जास्त खोदून विचारायचं, कायद्याचं तर छापलेलं मिळतं.

---

टेस्टर_मनी

तो 'नियम कोणाचा' रकाना आजपासून मी चोरला.

---

बीए_मिरज

अपडेट देतो, कारण इथे लोक विचारून गायब होतात.

बैठक झाली, दोन तास म्हणून बसलो आणि जेवणाची सुट्टी धरून चार वाजले. शेती, अकाउंट, केन यार्ड, काट्याचे दोन क्लार्क आणि ईडीपी, सगळे होते, एमडी साहेब मध्ये येऊन गेले. १४० पानं काढलीच नाहीत. बारा उदाहरणं प्रोजेक्टरवर आणि प्रत्येकाच्या हातात प्रिंट. ३:५० च्या गाडीवर काट्याचे क्लार्क आणि अकाउंट यांच्यात जी जुंपली ती बघण्यासारखी होती, शेवटी भरल्या काट्याची वेळ धरायची ठरलं. जळिताचं टेस्टर_मनीनी सांगितलं तसंच्या तसं निघालं, शेती म्हणे वजनात, अकाउंट म्हणे दरात, आणि तोडणी-वाहतुकीचं बिल दाखवल्यावर सगळे गप्प. वजनाला हात लावायचा नाही असं ठरलं पण कपातीचा टक्का संचालक मंडळाकडे जाणार आहे, त्यामुळे ते उदाहरण सहीतून बाहेर ठेवलंय, 'निर्णय प्रलंबित, जबाबदारी कार्यकारी संचालक' असं लिहून तारीख टाकलीये.

अकरा उदाहरणांवर 'तपासले' म्हणून सह्या आल्या, एमडींचा मेल आला 'मंजूर', व्हर्जन नंबरसकट. नोंदणी आणि काट्याचं काम सोमवारपासून सुरू, बिलाचं त्या एका निर्णयानंतर.

फक्त आमच्या ऑफिसातून आता विचारतायत की १४० पानांच्या एसआरएसवर सही कुठे आहे, कंपनीच्या प्रोसेसमध्ये तो कागद लागतो म्हणे 😅 त्याचं काय करू?

---

व्हॅलिडेशनवाली

ती १४० पानं जोडपत्र करा आणि वर लिहा की उदाहरणं आणि जोडपत्र यात फरक आढळल्यास उदाहरण ग्राह्य. एमडींच्या मेलचा प्रिंट पहिल्या पानाला लावा. तुमच्या क्वालिटीवाल्यांना रकाना भरलेला दिसला की ते शांत होतात.

---

ईडीपी_काका

आणि काट्याच्या क्लार्कचे नंबर सेव्ह करून ठेवा, पहिल्या रात्रपाळीला साहेब लोक फोन उचलत नाहीत.